जुन्या वाईनच्या बाटल्या, सहा जण आणि चार तासांचं जेवण

टेम्सकाठी

गेल्या शनिवारी आम्ही सहा जणांनी घरात जपून ठेवलेल्या जुन्या वाईन्स लंडनमधल्या एका छोट्या रेस्टॉरंटमध्ये नेऊन उघडल्या. दोन वर्षं हा बेत पुढे पुढे जात होता. कोणाचं तरी भारतात जाणं निघायचं, नाहीतर कोणाच्या घरी आजारपण. शेवटी तारीख ठरवून टाकली. चव जिभेवर आहे तोवर लिहून ठेवतो आहे.

घरी न उघडता बाहेर का? घरी जेवण केलं की दोघं तरी सारखे स्वयंपाकघरात असतात. शिवाय सहा जणांना प्रत्येक वाईनसाठी वेगळा ग्लास द्यायचा तर तीसच्या वर ग्लास लागतात, आणि तेही चांगले. इथल्या बऱ्याच रेस्टॉरंटांत स्वतःची बाटली नेता येते, त्याचे कॉर्केज म्हणून पैसे घेतात. आम्ही बाटलीमागे २५ पौंड दिले. काही ठिकाणी सोमवारी वगैरे ते माफही असतं. फोन करून आधी विचारलं होतं, काय काय आणणार तेही सांगितलं होतं. त्यांच्या यादीत असलेली वाईन नेऊ नये, आणि प्रत्येक बाटलीतला एक घोट वाढणाऱ्याला आणि आतल्या शेफला द्यावा, हे मी फार मानतो. ती माणसं आपल्यासाठी राबत असतात आणि अशी वाईन त्यांच्याही वाट्याला रोज येत नाही.

बाटल्या मी गुरुवारीच तिथे पोहोचवून उभ्या ठेवायला सांगितल्या. आडव्या बाटलीत वर्षानुवर्षं बाजूला धरलेला गाळ तळाशी बसायला दोन दिवस लागतात. ऐन वेळी टॅक्सीतून हेलकावे खात गेलेली बाटली उघडली तर तो गाळ ग्लासात येतो आणि सगळी चव कडवट, मातकट होते.

सुरुवात जर्मनीतल्या मोझेल नदीकाठच्या रीसलिंगने केली, म्हणजे त्या नावाच्या द्राक्षाच्या पांढऱ्या वाईनने. यो. यो. प्र्यूम या घराण्याची, वेलेनर झोनेनऊर या मळ्यातली, श्पेटलेझे (उशिरा तोडलेल्या द्राक्षांची) २००१. झोनेनऊर म्हणजे सूर्यघड्याळ. नदीकाठच्या त्या उभ्या चढावर पाटीच्या दगडात द्राक्षवेली आहेत आणि मधोमध १८४२ साली बांधलेलं सूर्यघड्याळ आहे. ग्लास नाकाशी नेला आणि आमच्यातली एक जण पटकन म्हणाली, "अगं, आजीचा स्टोव्ह!" अगदी बरोबर. जुन्या रीसलिंगला रॉकेलचा वास येतो, तो दोष नव्हे, वयाची खूण आहे. त्यामागे मध, लिंबाची साल, किसलेलं आलं. गोडी होती, पण वीस-बावीस वर्षांत ती आत मुरली होती. अल्कोहोल जेमतेम आठ टक्के. सोबत लोण्यातला ट्राउट मासा, आणि आमच्यातल्या दोघा शाकाहारींसाठी भाजलेल्या फ्लॉवरवर बदामाचं वाटण. मला फ्लॉवरबरोबर जास्त आवडली.

मग ज्या बाटलीची सगळे वाट बघत होते ती उघडली. फ्रान्समधल्या बोर्दो भागातल्या पोमेरोलची, १९९८ सालची. नाव मुद्दाम देत नाही. आमच्या एका मित्राने ती मुलीच्या जन्मवर्षाची म्हणून घेतलेली. मुलगी आता एडिनबराला शिकते. तीन घरं बदलली, प्रत्येक वेळी ही बाटली त्याने स्वतःच्या मांडीवर ठेवून नेली. बूच नीट निघालं, बाटलीतल्या वाईनची पातळी उत्तम होती. त्याने वास घेतला. पुन्हा घेतला. तिसऱ्यांदा घेतला आणि काही न बोलता ग्लास माझ्याकडे सरकवला. ओला पुठ्ठा, पावसाळ्यात भिजून वाळलेलं गोणपाट. बूच लागलेलं होतं, म्हणजे बुचातल्या दोषाने वाईन बिघडली होती. फळाचा मागमूस नाही. टेबलावर कोणी बोलेना.

तेवढ्यात दुसऱ्याने खुर्चीखालच्या पिशवीतून राखीव बाटली काढली. लेओव्हिल बार्तों १९९६, तीही बोर्दोचीच, सँ-ज्युलियाँ गावची. ती त्याच्याकडची शेवटची होती हे मला माहीत होतं. मित्राच्या हातात देत तो एवढंच म्हणाला, "ही तुझ्या लेकीच्या नावाने." हे जेवण मला का हवं होतं ते त्या क्षणी कळलं. बाटली एकट्याची असती तर तो त्या रात्री घरी ओला पुठ्ठा हुंगत बसला असता.

आणि वाईन सुंदर होती. ९६ साल बोर्दोतल्या मेदॉक पट्ट्यातल्या काबर्ने द्राक्षाला फार चांगलं गेलं. रंग अजून गडद, फक्त कडेला विटकरी झाक. पेन्सिल तासल्याचा वास, काळं मनुका, सिगारचा डबा, आणि तुरटपणा असा की जीभ पुसल्यासारखी लख्ख होते. भाजलेल्या मेंढीबरोबर ती जी काही लागली!

तिसरी लोपेस दे एरेदियाची व्हिन्या तोन्दोन्या ग्रान रेसेर्व्हा, १९९४. स्पेनच्या रिओहा भागातल्या आरो गावात १८७७ पासून हे घराणं आहे. फ्रान्समध्ये किडीने वेली मारल्या तेव्हा बोर्दोचे व्यापारी वाईन शोधत स्पेनमध्ये उतरले, आणि आरोच्या रेल्वे स्टेशनभोवती वाईनरीज उभ्या राहिल्या. ग्रान रेसेर्व्हा म्हणवण्यासाठी नियमाने पाच वर्षं मुरवावी लागते. हे लोक पिंपातच दहा वर्षांच्या आसपास ठेवतात, आणि पिंपंही स्वतः बनवतात. अमेरिकन ओकची. त्या लाकडाचा वास मी कुठेही ओळखेन: सुकं खोबरं आणि शेपू. हो, आपली शेपूची भाजी. त्याखाली वाळलेली चेरी, जुन्या लाकडी कपाटातला वास, थोडं आमसूल. रंगाने इतकी फिकी की पलीकडचा मेणबत्तीचा उजेड आरपार दिसत होता, आणि तरी चव मिनिटभर रेंगाळत होती.

चौथी इटलीतल्या बार्बारेस्कोची, त्याच नावाच्या गावातल्या उत्पादक संस्थेची, मोंतेस्तेफानो रिझर्व्हा १९९६. ही संस्था सहकारी आहे. १९५८ साली गावच्या पाद्र्याने १९ शेतकऱ्यांना एकत्र करून सुरू केली, कारण द्राक्षं व्यापाऱ्यांना पडेल भावात विकून त्यांचं घर चालत नव्हतं. पहिल्या काही वर्षांची वाईन चर्चच्या तळघरात बनली. वाढणाऱ्या मुलीने ही वाईन बाटलीच्या गळ्याखाली छोटी बॅटरी धरून ओतली. हात अजिबात हलत नव्हता. गळ्याशी धुरासारखी गाळाची रेघ आली तशी ती थांबली, तळाशी दोन बोटं वाईन ठेवून. नेब्बिओलो द्राक्षाच्या वासाला इटालियन लोक गुलाब आणि डांबर म्हणतात. आपल्याला त्यासाठी नेमका शब्द आहे: गुलकंद. मुरलेला, काळपट झालेला गुलकंद, आणि मागे नुकत्याच डांबर टाकलेल्या रस्त्याचा वास.

त्यानंतर मी माझी बाटली फॉइलमध्ये गुंडाळून आणायला सांगितली, कोणाला न सांगता. एक जण म्हणाला इटलीतली टस्कनी, दुसरी म्हणाली टस्कनीच, पण उष्ण वर्षाची. फॉइल काढलं तर फ्रातेल्ली सेट्टे, आपल्या अकलूजची! सांजोव्हेझे आणि काबर्ने, दहा वर्षांहून जुनी. टस्कनी म्हणणाऱ्यांचं चुकलंही नव्हतं, सांजोव्हेझे तिथलंच द्राक्ष. सेट्टे म्हणजे इटालियनमध्ये सात: कंपनी काढणारे सात भाऊ, तीन घरांतले, त्यांत अकलूजचे मोहिते-पाटील. फळ थोडं सुकलेलं, अंजिरासारखं, पण उभी होती, आंबटपणा टिकून होता. सोलापूर जिल्ह्यातली वाईन त्या टेबलावर बार्बारेस्कोनंतर प्यायलो आणि कोणी ग्लास बाजूला ठेवला नाही. मला फार आनंद झाला.

शेवटी सोतर्न, बोर्दोकडची गोड वाईन: शातो स्युदिरो २००१ ची अर्धी बाटली, रोकफोर चीजबरोबर. केशर, जर्दाळू, संत्र्याची पाकवलेली साल. प्रत्येकी चार घोट. पुरले.

शब्दपेरणी

वाचताना मीच टेबलावर बसले होते असं वाटलं. "तुझ्या लेकीच्या नावाने" इथे थांबले थोडी. एक प्रश्न: वाईन जितकी जुनी तितकी चांगली, हे खरं आहे का? माझ्या सासऱ्यांचं असं ठाम मत आहे.

टेम्सकाठी

@शब्दपेरणी, नाही. जगातली बहुतेक वाईन दोन-चार वर्षांत पिण्यासाठीच बनते आणि त्यात काही कमीपणा नाही. टिकायला आंबटपणा लागतो, टॅनिन लागतं, किंवा साखर. टॅनिन म्हणजे सालीतला आणि बियांतला तुरटपणा, कोरा चहा फार उकळला की जिभेला धरतो तोच. वर्षं जातात तसे त्याचे कण एकमेकांना आणि रंगाला जोडले जातात, जड होतात आणि गाळ म्हणून खाली बसतात. म्हणून जुनी लाल वाईन फिकी आणि मऊ होते. पांढरीचं उलटं, ती गडद होत जाते. हे सगळं होईपर्यंत आत चव शिल्लक असेल तरच वाट बघण्यात अर्थ. नाहीतर वीस वर्षांनी नुसतं आंबट पाणी हाती येतं.

गोडीबार

दिंडोरी तालुक्यातून लिहितोय. माझ्या तीन एकरांत काबर्ने आहे, वाईनरीशी करार करून. आधी थॉमसन होती, खायची द्राक्षं, मांडवावर. वाईनची द्राक्षं तारेवर घेतो.

अकलूजच्या वाईनबद्दल वाचून बरं वाटलं, म्हणून थोडं शेतातलं सांगतो. तुमच्या त्या बोर्दोत वेल हिवाळ्यात झोपते. पानं गळतात, चार महिने काही करत नाही. आमच्याकडे वेल झोपतच नाही, थंडी तेवढी पडत नाही. म्हणून दोन छाटण्या. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तेव्हा फक्त काडी तयार करायची. पावसाळा सरता सरता गोडी छाटणी, तिच्यावर माल धरायचा. काढणी जानेवारी ते मार्च. म्हणजे द्राक्ष पिकतं तेव्हा थंडी संपून ऊन वाढत असतं. दिवस तापायला लागले की साखर भराभर चढते आणि आंबटपणा उतरतो. आठ दिवस काढणी लांबली तरी फरक पडतो. रात्री तोडणी करतो ती त्यासाठीच, माल गार असताना वाईनरीत जावा म्हणून.

तर दहा वर्षांनी "आंबटपणा टिकून होता" असं तुम्ही लिहिलंत त्यात कोणीतरी काढणीचा दिवस नेमका धरला होता. ते श्रेय शेतावरच्या माणसाचं.

ती १९ शेतकऱ्यांची संस्था अजून चालू आहे का?

टेम्सकाठी

@गोडीबार, चालू आहे, आणि जोरात. सभासद आता पन्नासच्या आसपास. चांगल्या वर्षी नऊ वेगवेगळ्या शिवारांची वाईन वेगळी बाटलीत भरतात आणि लेबलावर शिवाराचं नाव छापतात. मोंतेस्तेफानो हे तसंच एक शिवार. तुमचा प्रतिसाद मी त्या पाचही जणांना पाठवला आहे.

एडिसनचा_वाडा

आमच्या न्यू जर्सीत हे फार सोपं आहे. इथे रेस्टॉरंटला दारूचा परवाना लोकसंख्येच्या हिशोबाने मिळतो, दर ३,००० माणसांमागे एक. त्यामुळे परवाने लाखो डॉलरना विकले जातात आणि छोटी रेस्टॉरंटं सरळ बाटली घेऊन या म्हणतात. आम्ही पाच घरं मिळून दर दोन महिन्यांनी जमतो.

पण एका गोष्टीवर माझं तुमच्याशी पटत नाही. बार्बारेस्को तिथेच उघडून लगेच ओतलीत? नेब्बिओलोला हवा लागते. मी ९६ च्या बारोलो (त्याही नेब्बिओलोच्याच) सकाळी आठला उघडतो, एक घोट काढून पातळी खाली आणतो आणि संध्याकाळपर्यंत बाटली तशीच ठेवतो. रात्री त्याच वाईनला तिप्पट वास येतो.

टेम्सकाठी

वाडेकर, तरण्या बारोलोच्या बाबतीत तुमचं सोळा आणे खरं. डिकँटरमध्ये, म्हणजे हवा लागावी म्हणून ओतून ठेवायच्या रुंद भांड्यात, चार तास ठेवली तरी कमी. पण पंचवीस वर्षांवरची बाटली मी आधी उघडत नाही. एकदा १९७८ ची एक बाटली दुपारीच उघडून ठेवली होती. त्या वेळी चाखली तर अप्रतिम होती. रात्री आठला पाहुणे आले तेव्हा ती विझून गेली होती. तेव्हापासून मी टेबलावरच उघडतो आणि हळू पितो. ग्लासातच तास-दीड तास तिला वेळ द्यायचा. त्या शनिवारी गुलकंद पहिल्या घोटात नव्हताच. तो चाळीस मिनिटांनी आला, आणि सहाही जणांनी तो येताना पाहिला. सकाळी उघडली असती तर तो आम्ही यायच्या आतच येऊन बसला असता.

एडिसनचा_वाडा

हे शेवटचं वाक्य पटलं. पुढच्या वेळी दोन सारख्या बाटल्या घेतो, एक सकाळी उघडतो आणि एक टेबलावर. इथेच लिहीन.

प्रयोगवही

बूच लागण्याबद्दल. मी अन्न-रसायनशास्त्र शिकवते. तो वास टीसीए नावाच्या द्रव्याचा, लांब नाव ट्रायक्लोरोॲनिसोल. बुचातली बुरशी आणि क्लोरीनयुक्त संयुगं यांच्यातून तयार होतं. लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम असलं तरी माणसाच्या नाकाला कळतं, इतकं ते जबर. शरीराला अपाय नाही, पण नाकावर असं बसतं की बाकीचे वास दबतात. बनवणाऱ्याचा त्यात बहुतेक वेळा दोष नसतो, एकाच पेटीतली एक बाटली लागलेली आणि अकरा उत्तम असं होतं.

स्वयंपाकघरातला पातळ पॉलिथिनचा कागद चुरगळून जगमध्ये टाकायचा आणि त्यावर वाईन ओतून दहा मिनिटं ठेवायची, असा एक उपाय आहे. प्लास्टिक टीसीए ओढून घेतं. मी करून पाहिलंय, पुठ्ठ्याचा वास खरंच कमी होतो. पण सोबत चांगले वासही जातात. त्या मित्राला सांगा, करून बघितलं नाही म्हणून फार हळहळू नकोस. ती पोमेरोल परत आली नसती.

टेम्सकाठी

@प्रयोगवही, मनापासून आभार. त्याला वाचून दाखवलं. "परत आली नसती" हे तज्ज्ञाकडून ऐकणं त्याला हवं होतं असं वाटतं.

हिरवा_चाफा

आम्ही झ्युरिकला. आपल्या जेवणाबरोबर जुनी लाल वाईन कोणी घेऊन पाहिली आहे का? मी एकदा २००० ची बोर्दो मटणाच्या तांबड्या रश्श्याबरोबर उघडली आणि अजून वाईट वाटतं. तिखटाने टॅनिन आणि अल्कोहोल दोन्ही बोचायला लागतात, आणि जुन्या वाईनचं जे नाजूक असतं ते काहीच कळत नाही. रीसलिंग मात्र आपली आहे. थालीपीठ आणि लोण्याचा गोळा, अळूवडी, चिंच-गुळाची आमटी, सगळ्याला पुरून उरते. थोडी गोडी आणि भरपूर आंबट, आपल्या आमटीसारखंच की ते.

सोतर्नबरोबर केशरी श्रीखंड करून पाहिलं. नका करू. श्रीखंड वाईनपेक्षा गोड असल्याने वाईन आंबट आणि पातळ लागली. त्याच रात्री खारे काजू आणि जुनं चीज घेतलं, तेव्हा जमलं.

वांद्रे_पूर्व

मुंबई-पुण्यात हे करायचं असेल तर आधी रेस्टॉरंटला स्पष्ट विचारा. परवान्याचा मामला आहे, सगळीकडे बाहेरची बाटली उघडू देत नाहीत, आणि ऐन वेळी दारात वाद घालण्यात मजा नाही. आम्ही अलिबागला मित्राच्या घरी करतो आणि जेवण बाहेरून मागवतो. स्वतःचा पिण्याचा परवाना जवळ ठेवा.

कोथरूडची_सई

धागा दोनदा वाचला. आमच्या पोटमाळ्यावर बाबांनी ठेवलेल्या नाशिकच्या शिराझच्या (त्या नावाच्या द्राक्षाच्या लाल वाईनच्या) दोन बाटल्या सापडल्या आहेत, २००८ च्या. कंपनीचं नाव नको लिहायला. बाबा २०१५ ला गेले. त्यांच्या बँकेतल्या मित्रांबरोबर नाशिकला सहल गेली होती तेव्हा आणलेल्या. टाकून द्यायच्या की उघडायच्या? पोटमाळा उन्हाळ्यात अक्षरशः भट्टी असतो.

टेम्सकाठी

सई, टाकू नकोस. पण खाली आण, आजच. वाईनला बारा-तेरा अंश गारवा आणि अंधार आवडतो, पोटमाळ्यावर तिने बरेच मे महिने काढले आहेत. उजेडात धरून वाईन कुठपर्यंत आहे ते बघ. गळ्यात असेल तर आशा आहे, खांद्याच्या खाली उतरली असेल तर हवा आत गेली आहे. बूच वर सरकलंय का, कडेला चिकट ओघळ आहेत का? बरी दिसते ती ठेव, वाईट दिसते ती आधी उघड. दोन दिवस उभी ठेवून, तासभर फ्रीजमध्ये ठेवून. मळसूत्राचं उघडणं जपून वापर, जुनं बूच तुटतं. दोन पात्यांचं मिळालं तर उत्तम: पाती बुचाच्या दोन्ही बाजूंनी खाली सरकवायची आणि फिरवत फिरवत ओढायचं. तुटलंच तर चहाच्या गाळणीवर स्वच्छ मलमल घालून गाळून घे.

आणि एकटीने उघडू नकोस. बाबांच्या त्या सहलीतलं कोणी असेल तर बोलाव.

गोडीबार

ताई, २००८ ला आमच्या भागात शिराझच्या बागा अगदी तरण्या होत्या. वेलींचं कोवळं वय. वाईन गेलेली निघाली तर वाईट वाटून घेऊ नका.

कोथरूडची_सई

काल उघडली. बाबांचे दोन मित्र आले, दोघंही सत्तरीच्या पुढचे, एक काका सोबत काकूंना घेऊन. घरी नको म्हणाले, म्हणून प्रभात रोडवरच्या ओळखीच्या हॉटेलात आधी विचारून घेतलं, मालकांनी आतली खोली दिली.

पातळी खांद्यापर्यंत उतरली होती. बूच मधेच तुटलं, अर्धं आत पडलं, गाळणी आणि मलमल सोबत नेली होती म्हणून निभावलं. रंग विटकरी, जवळजवळ काढ्यासारखा. पहिला वास शिळ्या मनुकांचा आणि थोडा व्हिनेगरचा. मला वाटलं संपलं. पंधरा-वीस मिनिटांनी काका म्हणाले, "सई, आता घे." व्हिनेगर मागे सरला होता आणि आमसुलासारखं काहीतरी वर आलं होतं, शेवटी अगदी बारीक काळी मिरी. अर्धा तास तशी राहिली, मग गेली. पण त्या अर्ध्या तासात काकांनी ती सहल सांगितली. वाईनरीत बाबांनी वाढणाऱ्या मुलाला इतके प्रश्न विचारले होते की बस अर्धा तास थांबली होती. हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या बाटलीची पातळी गळ्यात आहे. ती आता फ्रीजच्या खालच्या कप्प्यात आडवी आहे. मेमध्ये ऑफिसच्या कामासाठी लंडनला येते आहे. आणली तर चालेल का?

टेम्सकाठी

सई, नक्की आण. ब्रिटनमध्ये येताना माणशी १८ लिटर साधी वाईन चालते, एका बाटलीची काहीच अडचण नाही. परत जाताना भारतात २ लिटरची मर्यादा आहे तेवढी लक्षात ठेव. हातातल्या बॅगेत नेऊ देणार नाहीत, मोठ्या बॅगेत मधोमध, प्लास्टिकच्या पिशवीत घालून दोन जाड टॉवेलांत गुंडाळ. उतरलीस की मला दे, मी आठवडाभर गारव्यात उभी ठेवतो. तारीख कळव, आमच्या त्याच रेस्टॉरंटमध्ये टेबल सांगून ठेवतो. लेओव्हिल बार्तों आणणारा मित्र विचारतोय, बाबांना जेवणात काय आवडायचं?